ज्याला 'दुखतंय' म्हणता येत नाही, त्याची नर्स कोण?



सिकंदराबादला येऊन दीड वर्ष झालं. इथल्या बिर्याणीवर लिहा, गोवळकोंड्यावर लिहा, असं बऱ्याच जणांनी कळवलं आहे. तेही लिहीन. पण आज जे लिहितोय ते गेली काही वर्षं मनात सलतंय, आणि या पोस्टिंगमध्येच ते नीट उलगडलं. थोडं लांबेल. चहा घेऊन बसा.

नव्या वाचकांसाठी सांगतो, मी आर्मी मेडिकल कोअरमधला नर्सिंग असिस्टंट. रायफल मलाही चालवता येते, पण रोजचं हत्यार म्हणजे सलाइनचा सेट, ड्रेसिंगचा ट्रे आणि बीपीचं मशीन. गावी गेलो की म्हातारी माणसं विचारतात, "म्हणजे फौजेत कंपाउंडर का रं तू?" मी हो म्हणतो. समजावत बसलो तर छुट्टी संपायची.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. पूर्वेकडच्या एका लहान छावणीत होतो. इस्पितळाचं नाव लिहीत नाही, कारण चूक इमारतीची नव्हती. चूक आम्हा माणसांची होती आणि तिच्यात माझा वाटा होता. रात्रीच्या ड्यूटीला एका नायकाची बायको सोळा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. नवरा फील्डमध्ये. मुलगा जन्मापासून बौद्धिक अक्षम. बोलणं चार-पाच शब्दांचं. पाणी, गाडी, मम्मी, नको, एवढंच. आई त्याला बाबू म्हणायची, मीही बाबूच म्हणतो.

बाबू दोन दिवस जेवला नव्हता, झोपला नव्हता. उजव्या हाताने स्वतःच्या डोक्यावर, कानाच्या जरा वर, थापडा मारत होता. एकसारख्या. जवळ गेलं की ओरडायचा, हात लावला की चावायला धावायचा.

केसपेपरवर नोंद झाली, 'मतिमंद, आक्रमक वागणूक'. एवढं लिहून झालं की पुढचं आपोआप होतं. शांत करायचं इंजेक्शन आलं. घेऊ देईना म्हणून आम्ही तिघांनी त्याला पलंगावर दाबून धरलं. त्याच्या खांद्यावर माझा गुडघा होता. आई कोपऱ्यात उभी राहून एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होती, "भैया, ये ऐसा नहीं है. गुस्से में जाँघ पे मारता है. सर पे कभी नहीं मारा."

मी म्हणालो, "हाँ भाभीजी, ठीक हो जाएगा."

रात्री झोपला. सकाळी उठल्यावर पुन्हा थापडा. पुन्हा इंजेक्शन. तिसऱ्या दिवशी पहाटे बाबू एकदम शांत दिसला. औषध लागू पडलं असं आम्हाला वाटलं. चादर बदलायला गेलो तर उशीवर पिवळा डाग. कानातून पू येत होता. आतल्या दाबाने पडदा फुटला होता. दाब गेल्यामुळे दुखणं कमी झालं होतं आणि म्हणून तो शांत झाला होता. आमच्या इंजेक्शनचा त्यात काही हात नव्हता.

कान तपासायचं यंत्र ड्यूटी रूमच्या कपाटात होतं. बाबू तपासू देत नव्हता हे खरं. पण त्याच्या मनाची तयारी करून, आईच्या मांडीवर डोकं ठेवून, दहा मिनिटं गेली तर जाऊ देत म्हणून बघण्याचा प्रयत्नही कुणी केला नव्हता. घरचे दोन दिवस आणि आमच्याकडचे दोन दिवस तो पोरगा हाताने कान दाखवत होता, आणि आम्ही कागदावर 'आक्रमक' लिहीत होतो.

पुढे अँटिबायोटिक झालं, बाबू बरा झाला. पण नंतर मी वॉर्डात शिरलो की तो पलंगाखाली जायचा. डिस्चार्जच्या दिवशी त्याच्या आईने हात जोडून माझे आभार मानले. ते आभार मला अजून पचलेले नाहीत.

या प्रकाराला वैद्यकीय भाषेत नाव आहे, हे मला खूप उशिरा कळलं. 'डायग्नोस्टिक ओव्हरशॅडोइंग'. म्हणजे एका मोठ्या निदानाच्या सावलीत दुसरं दुखणं दिसेनासं होणं. 'तो मतिमंदच आहे' म्हटलं की कान, दात, पोट, मूत्रमार्ग, सगळं त्या एका शब्दाखाली गाडलं जातं. इंग्लंडमध्ये अशा २४७ व्यक्तींच्या मृत्यूंची बारकाईने चौकशी झाली. तिचा अहवाल २०१३ मध्ये आला. सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत यातले पुरुष सरासरी १३ वर्षं आणि बायका २० वर्षं आधी गेल्या होत्या. निदानात आणि उपचारात झालेला उशीर हे त्यातलं एक मोठं कारण. ज्या देशात यासाठी वेगळ्या नर्स आहेत तिथली ही अवस्था. आपल्याकडे काय असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

आता सिकंदराबादकडे येतो. इथे बोवेनपल्लीला मनोविकास नगर नावाचा भाग आहे. तिथे केंद्र सरकारची एक संस्था १९८४ पासून आहे. पूर्वी तिला राष्ट्रीय मानसिक विकलांग संस्थान म्हणत, आता राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थान म्हणतात. माझ्या शेजारच्या क्वार्टरमधल्या ड्रायव्हर हवालदाराची आठ वर्षांची मुलगी आहे, डाऊन सिंड्रोम असलेली. तिला तपासणीला न्यायचं होतं. फॉर्म भरायला सोबत हवी म्हणून मी गेलो.

तिथे एक बाई मुलीला पँट घालायला शिकवत होत्या. आपण काय करतो? "घाल पँट" म्हणतो, नाही जमलं तर चिडून आपणच घालतो. बाईंनी त्या एका कामाचे तुकडे पाडले होते. पँट धरणं, एक पाय घालणं, दुसरा घालणं, गुडघ्यापर्यंत ओढणं, कमरेपर्यंत चढवणं. गंमत म्हणजे सुरुवात शेवटून. आधीचं सगळं बाईंनी केलं आणि कमरेपर्यंतची शेवटची ओढ तेवढी मुलीवर सोडली. तिने ओढली. काम पुरं झालं, आणि ते आपण पुरं केलं म्हणून पोरगी हसली. ते जमलं की मग मागचा एक तुकडा तिच्याकडे. असं मागे मागे यायचं.

मला रंगरूट असतानाचं परेड ग्राउंड आठवलं. सॅल्यूट कुणी एकदम शिकवत नाही. उस्ताद आधी नमुना देतो, मग 'गिनती से'. स्क्वाड एक! हात वर. स्क्वाड दो! हात खाली. माझ्यासारख्या शेतातून उठून आलेल्या पोराला तसंच शिकवून माणसात आणलं. ही पद्धत फौजेला अनोळखी नाही. फक्त ती इथे लागते हे ठाऊक नव्हतं.

मी बाईंना विचारलं, "वर्गात एखाद्याला फिट आली, ताप आला, काही दुखायला लागलं तर?"

त्या सहज म्हणाल्या, "हॉस्पिटलला पाठवतो ना."

हॉस्पिटलला, म्हणजे माझ्याकडे. आणि बाबूच्या वेळी मी काय केलं होतं ते मला माहीत होतं.

आजच्या लेखाचा मुद्दा इथे आहे. आपल्या देशात या मुलांना शिकवणारे शिक्षक तयार करण्याची व्यवस्था आहे. १९९२ च्या पुनर्वास परिषद कायद्यामुळे विशेष शिक्षकांची नोंदणी होते, त्यांच्या पदविका आणि पदव्या आहेत. मुंबईतली जय वकील शाळा १९४४ ची, एका आईबापांनी आपल्या मुलीसाठी सुरू केलेली. पुण्यात कामायनी आहे. फौजेतही बायकांच्या कल्याण संघटनेने, म्हणजे आपल्या 'आवा'ने, अनेक छावण्यांत 'आशा' शाळा चालवल्या आहेत. हे सगळं उभं राहिलं ते शाळेच्या वाटेने. ते चांगलंच झालं. पण माणसाला शाळेची वर्षं असतात पंधरा आणि शरीर असतं जन्मभर. त्या शरीराची काळजी घेणारी, त्यासाठीच शिकलेली नर्स मात्र आपल्याकडे तयार होत नाही.

बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, जी.एन.एम. तीन वर्षांचं. त्यात बौद्धिक अक्षमतेची वेगळी शाखा नाही, वेगळी नोंदणी नाही. मानसिक आरोग्याच्या विषयात, मुलांच्या विकारांच्या धड्यात तिचा समावेश असतो. पण हा विषय तिथे ठेवण्यातच गोंधळ आहे. बौद्धिक अक्षमता म्हणजे वेड नव्हे, मनोविकार नव्हे. बुद्ध्यांक साधारण ७० च्या खाली, रोजचे व्यवहार शिकायला अडचण, आणि हे सगळं वाढीच्या वयातच सुरू झालेलं, अशी ती अवस्था. गोळीने ती जात नाही. आपला २०१७ चा मानसिक आरोग्य कायदासुद्धा मनोविकाराची व्याख्या करताना हिला बाहेर ठेवतो. कायद्याने दोन्ही वेगळे केले, पण वॉर्डात अजून एकच.

माझ्या एका जुन्या मल्याळी सहकाऱ्याची मुलगी आयर्लंडमध्ये जनरल नर्स आहे. केरळच्या अनेक मुली तिथे आहेत. तिच्याशी फोनवर बोलताना कळलं की तिथे बौद्धिक अक्षमतेची नर्स ही स्वतंत्र पदवी आहे. चार वर्षांची. शेवटच्या वर्षी ३६ आठवडे पगारी उमेदवारी. नंतर नर्सिंग बोर्डाच्या नोंदवहीत वेगळा विभाग. ब्रिटनमध्येही नर्सिंगच्या चार शाखांपैकी एक ही आहे. मी तिला विचारलं, चार वर्षं शिकवतात तरी काय? आंघोळ घालणं आणि भरवणं यात चार वर्षं?

ती हसली आणि म्हणाली, "अंकल, भरवण्यावरच किती असतं ते ऐका." मग तिने जे सांगितलं आणि नंतर मी स्वतः जे वाचलं, ते थोडक्यात सांगतो. वाचकांत अशा मुलांचे आईबाप आहेत, त्यांना लगेच उपयोग होईल.

पहिली गोष्ट भरवणं. यातल्या बऱ्याच जणांना गिळायला त्रास असतो. आडवं ठेवून, घाईत, पातळ पदार्थ भरवला तर तो श्वासनलिकेत जातो आणि पुढे न्यूमोनिया होतो. बसवायचं कसं, हनुवटी कुठे ठेवायची, पदार्थ किती घट्ट करायचा, हे शिकावं लागतं.

दुसरी गोष्ट फिट. यांच्यात अपस्माराचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त. फिट किती मिनिटं चालली हे घड्याळात बघायचं, कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही. चमचा नको, कांदा नको, चप्पल तर नकोच. फिटच्या काही जुन्या गोळ्यांनी हिरड्या सुजतात आणि मग मूल जेवत नाही. 'हट्टीपणा' म्हणून सोडून दिलं तर दातांचं दुखणं राहून जातं.

तिसरी गोष्ट त्या-त्या अवस्थेचे ठरलेले धोके. डाऊन सिंड्रोमच्या जवळपास निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा दोष असतो. थायरॉइड बिघडतं. चाळिशी-पन्नाशीत विसरभोळेपणाचा आजार इतरांच्या कितीतरी आधी येतो. पन्नाशीचा माणूस एकाएकी वागायचा बदलला तर 'आता जास्तच बिघडला' म्हणायचं नाही, तपासायचं.

चौथी गोष्ट बद्धकोष्ठता. हसू नका. हालचाल कमी, पाणी कमी, गोळ्या जास्त. सांगता न आल्यामुळे यातून आतडं अडून माणसं दगावतात.

आणि पाचवी गोष्ट, जिच्यामुळे मी हा लेख लिहितोय, दुखणं ओळखणं. बोलता न येणाऱ्याचं दुखणं मोजायचीही पट्टी आहे. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत घातल्यावर शांत होणं, या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण. एकूण दहापैकी. बौद्धिक अक्षम मुलांसाठी तिची सुधारलेली आवृत्ती आहे. तिच्यात आईने सांगितलेली त्या मुलाची खास खूणही लिहून घेता येते. 'रागात मांडीवर मारतो, डोक्यावर कधीच नाही.' बाबूच्या आईने ती खूण आम्हाला पहिल्या दहा मिनिटांत दिली होती. लिहून घ्यायची असते हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

हे वाचून काही जण म्हणतील, अरे, साध्या नर्स पुरेशा नाहीत, प्राथमिक आरोग्य केंद्रं रिकामी पडली आहेत, आणि तू वेगळी शाखा काढायला निघालास. आक्षेप खरा आहे. २०११ च्या जनगणनेत बौद्धिक अक्षमतेखाली सुमारे १५ लाख माणसं नोंदली गेली. घरात दार लावून ठेवलेली किती सुटली असतील ते गावात राहणाऱ्यांना सांगायला नको. त्यातला प्रत्येक जण कधी ना कधी साध्याच इस्पितळात, साध्याच नर्ससमोर येणार. म्हणून मी म्हणतो ते दोन पायऱ्यांत. प्रत्येक नर्सला थोडं, आणि काही नर्सना पूर्ण.

थोडं म्हणजे शिकतानाच दोन आठवडे एखाद्या विशेष शाळेत किंवा निवासी संस्थेत काम. पुस्तकातला धडा नव्हे, प्रत्यक्ष भरवणं, फिरवणं, आईशी बोलणं. पूर्ण म्हणजे एक वर्षाची पदविका. अतिदक्षता, कर्करोग, नवजात बाळं, मानसोपचार, यांच्यासाठी नर्सनंतरच्या एक वर्षाच्या पदविका आपल्याकडे आहेतच. त्यात ही एक घाला. जिल्ह्याच्या इस्पितळात अशी एक सिस्टर किंवा एक ब्रदर असला तरी फरक पडेल. वेगळा वॉर्ड मुळीच नको. वेगळा वॉर्ड केला की तिथे लोक टाकून दिले जातात. ही नर्स सगळ्या वॉर्डांत फिरणारी हवी. सर्जरीत असा रुग्ण आला की तिला निरोप जावा, आणि ती येऊन सांगेल की याला सुई टोचण्याआधी ती सुई त्याच्या हातात खेळायला नको, पण कापूस आणि पट्टी द्या, आधी आईच्या हाताला लावून दाखवा. ब्रिटनच्या इस्पितळांत अशा नर्स आहेत.

दुसरा आक्षेप मला जास्त खटकतो, कारण तो प्रेमाने घेतला जातो. "याला शिक्षण कशाला, माया पाहिजे. देवाचं लेकरू आहे." मंडळी, त्या रात्री मला बाबूची दया येत होती. खरंच येत होती. दया येत असतानाच माझा गुडघा त्याच्या खांद्यावर होता. टूर्निकेट कुठे बांधायचा हे दयेने कळत नाही, शिकूनच कळतं. मग हेच तेवढं मायेने कसं येईल? आणि या मायेचा सगळा भार पडतो कुणावर, तर आईवर. तिला शिकवलेलं कुणी नाही, सुट्टी कुणी देत नाही.

इथे पुरुषांबद्दलही बोललं पाहिजे. हे काम बायकांचं असं आपण धरून चालतो. पण लहान मुलाचा माणूस होतो. चाळीस वर्षांचा, सत्तर किलोचा मुलगा आणि त्याला संडासला नेणारी पासष्ट वर्षांची आई, हे चित्र मी एका घरात पाहिलं आहे. तिला हात देणारा तयार पुरुष कुठून आणायचा? आमच्या ट्रेडकडे बघा. दरवर्षी नर्सिंग असिस्टंट निवृत्त होतात, वय चाळिशीच्या आसपास. रुग्ण उचलायची सवय, रात्र जागायची सवय, शिस्त अंगात. आणि गावी जाऊन काय करतात? बँकेच्या नाहीतर मॉलच्या दारात सिक्युरिटी. काम कुठलंच हलकं नसतं. पण वीस वर्षांचं कौशल्य दारात उभं राहतं आणि आत एक आई एकटी झगडते, हे मला पटत नाही. अशा माणसांना सहा महिन्यांचं नीट प्रशिक्षण द्या, प्रमाणपत्र द्या, पगार द्या. पुनर्वास परिषदेच्या आखत्यारीत काळजीवाहकांचे लहान अभ्यासक्रम आहेत. त्यांना आमच्यासारख्यांशी जोडायला हवं.

फौज याची सुरुवात सहज करू शकते असं मला वाटतं. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस १९२६ पासून आहे. पुण्याच्या ए.एफ.एम.सी.त तिच्या मुली चार वर्षं शिकतात. आशा शाळा छावणीतच आहेत. एका बाजूला शिकणारे हात, दुसऱ्या बाजूला मुलं, मध्ये फक्त एक रस्ता. दोन आठवड्यांची अटॅचमेंट ठेवायला नवी इमारत लागत नाही. दुसरं, अशा प्रत्येक मुलासाठी एक पानी ओळखपत्र करावं. बोलतो कसा, हो-नाही कसं दाखवतो, दुखलं की काय करतो, कशाला घाबरतो, कोणती औषधं चालू. बदली झाली की सर्व्हिस रेकॉर्डसारखं तेही सोबत जावं. जवानाची बदली तीन वर्षांनी होते, आणि नव्या इस्पितळात आईला सगळी कथा पहिल्यापासून सांगावी लागते. रात्री दोन वाजता ती कोण ऐकतं? ओळखपत्राची वाट न बघता घरच्यांनी आजच वहीच्या कागदावर ते लिहून ठेवलं तरी चालेल.

निवृत्त मंडळींसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. एक, मूल अपंगत्वामुळे स्वतः कमावू शकत नसेल, तर आईवडिलांनंतर त्याला फॅमिली पेन्शन आयुष्यभर मिळू शकते. त्यासाठी प्रमाणपत्र करून मुलाचं नाव पी.पी.ओ.मध्ये चढवून घ्या. आपण हयात असताना घ्या, मागून धावपळ करायला कुणी नसतं. ई.सी.एच.एस.मध्येही पात्र अपंग मुलाला वयाची अट आड येत नाही. दोन, मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याने तुम्ही आपोआप त्याचे पालक राहत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्यात समिती असते, जिल्हाधिकारी तिच्यात असतात, तिच्याकडून कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं. त्याच न्यासाच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे.

म्हणजे पैशाची थोडीफार सोय सरकारने केली आहे. "आमच्यामागे याचं कसं?" हा प्रश्न मात्र पैशाने संपत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरचे शंकरबाबा पापळकर, ज्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, ते कित्येक वर्षं हेच सांगत आहेत की अनाथ दिव्यांग मूल अठराचं झालं म्हणून त्याला बाहेर काढू नका, त्याच्या जन्मभराची सोय करा. मी त्यांच्या मागणीला माझी छोटी पुस्ती जोडतो. ती सोय कराल तेव्हा तिथे छप्पर आणि जेवण याबरोबर शिकलेला एक ब्रदर नाहीतर सिस्टर ठेवा.

माझं स्वतःचं सांगतो. मला कुठली पदवी मिळालेली नाही. त्या संस्थेत सवड मिळेल तेव्हा जातो, बाईंच्या मागे उभा राहून बघतो. पण ड्यूटीत एक सवय लावून घेतली आहे. असा रुग्ण आला की केसपेपर उघडण्याआधी सोबत आलेल्या माणसाला विचारतो, "हा रोज कसा असतो? आज काय वेगळं आहे?" आणि जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहितो. मागच्या महिन्यात एका आजीने सांगितलं, नात दोन दिवस उजव्या कुशीवर झोपत नाहीये. मी लिहिलं, डॉक्टरसाहेबांना दाखवलं. त्यांनी त्या बाजूचा दात बघितला. दाढ किडली होती.

आमच्या वाचकांच्या घरात नर्सिंगला जाणारी मुलं-मुली आहेत, मला ठाऊक आहे. आयर्लंडला जायचं असेल तर जरूर जा, ही शाखा शिका. आणि कधी परत आलात तर आम्हाला शिकवा. मी तोवर निवृत्त झालेला असेन, पण वर्गात मागच्या बाकावर बसायला येईन.

बाबू आता पंचविशीच्या घरात असेल. त्याच्या वडिलांची युनिट कुठे आहे माहीत नाही. हा लेख फिरत फिरत त्यांच्यापर्यंत पोचला आणि कुणी हिंदीत वाचून दाखवला, तर भाभीजींना एवढंच सांगा, तुम्ही बरोबर होता. मी ऐकलं नाही.

जय हिंद.